बदललेली कक्षा

सर, आजच्या पेपरात बातमी आहे. नवा धूमकेतू सापडलाय, त्याच्यामुळे पुढच्या महिन्यात उल्कावर्षाव होणार. 'होणार' म्हणे! वाचलं आणि डोकंच फिरलं. ज्यांच्यावर ओरडायचं ते तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, म्हणून हे लिहायला बसले.

नव्वदच्या दशकातली ती दिवाळीची सुट्टी. मी बारावीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पंखा बंद आहे, कारण कागद उडतात. असाच एक नवा धूमकेतू, मुंबईच्या तुमच्या मित्राने फोनवर कळवलेल्या त्याच्या आकाशातल्या जागा, आणि त्यांवरून तुम्ही माझ्याकडून त्याची कक्षा काढून घेताय. धूमकेतू वाटेत धूळ सांडत जातो, ट्रकमधून रेती सांडावी तशी, आणि पृथ्वी त्या वाटेला आडवी गेली की उल्का पडतात, हे तुम्हीच शिकवलंत. एकदा मी चौथं दशांशस्थळ सोडलं तर केवढे भडकलात! "आकाशाशी लबाडी करायची असेल तर पाचूबंदरला जाऊन मासे निवड." मी ते गिळलं. माझी आई तिथेच रोज पहाटे मासे निवडायची सर, आणि त्यात लबाडी केली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तोंडावर फेकतं. शेवटी उत्तर आलं, सुट्टीतल्याच एका संध्याकाळी पृथ्वी त्या वाटेच्या अगदी जवळून जाणार होती. तुम्ही म्हणालात, "मोजमापं थोडी आहेत, उत्तर हलू शकतं. पण सांग घरी."

मी सांगितलं. 'कदाचित' असंही म्हणाले. पण आमच्याकडे वेळ सांगितली की भरती येतेच, तिथे 'कदाचित' कोण ऐकतो? बाबांनी बर्फ भरलेली बोट त्या संध्याकाळी सोडली नाही. खलाशी, बायका, पोरं, सगळे किनाऱ्यावर. आभाळ स्वच्छ. तुम्हीही आलात, हात मागे बांधून उभे राहिलात. लोक कंटाळले तसे म्हणालात, "थांबा, अजून थांबा." एक ठिणगीसुद्धा पडली नाही. बर्फाचं पाणी झालं.

दुसऱ्या दिवशी मासळीच्या लिलावात आईला टोमणे. "काय गो, तुझी पोर तारे पाडनार होती ना?" आई हसण्यावारी नेत होती, पण टोपली उचलून लवकरच घरी निघाली. मी धावत तुमच्याकडे आले, माझं कुठे चुकलं ते विचारायला. तुम्ही फळा पुसत होतात. पाठमोरेच म्हणालात, "तुझं नाही चुकलं. मला परवाच फोन आला होता. नव्या मोजमापांवरून कक्षा बदलली, ती पृथ्वीपासून लांबून जाते." परवाच! म्हणजे किनाऱ्यावर 'थांबा' म्हणताना तुम्हाला ठाऊक होतं. वर म्हणालात, "त्या निमित्ताने लोकांनी वर तर बघितलं." आमचे लोक रोज वर बघतात, सर. वारा कुठला, ढग कुठले, ते बघितल्याशिवाय बोट सुटत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दशांशावरून माझी आई काढणारे तुम्ही, अख्खं खरं खिशात घालून उभे होतात.

तुम्ही तुमच्या स्टेशनजवळच्या फ्लॅटवर गेलात. लोकांचं हसणं आमच्या दारात राहिलं. बाबा एवढंच म्हणाले, "बस झाला तो हिशोब. बारावी झाली की कॉमर्स घे. पानी बघायला आम्ही हाव, आभाल बघायला कोनी नको." मी पाया पडले, रडले, जेवले नाही. त्यांनी ऐकलं नाही. तुम्ही एकदाही घरी येऊन सांगितलं नाहीत की मुलीचं गणित बरोबर होतं. एक वाक्य, सर. बाबांनी तुमचं ऐकलं असतं.

आज मी बँकेत आहे, माझे आकडे रोज संध्याकाळी जुळतात. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? फाडेन बहुतेक. पण एक कबूल करते. बोटीपायी आलेला राग केव्हाच गेला, बाबांवरचाही. उरलाय तो एवढ्याचाच: फोनवर आलेले ते नवे आकडे तुम्ही मला दिलेच नाहीत. मी ती कक्षा पुन्हा काढली असती. अजूनही काढेन.