उपाशी ठेवायचे उंदीर

आबा, आज जळगावच्या कॉलेजात मी चार माणसांसमोर तुमची गोष्ट सांगितली. तुमची परवानगी घ्यायची सोय राहिलेली नाही, म्हणून न विचारताच सांगितली. एका बाईची नोकरी जात होती. इथल्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये उंदरांचे पिंजरे साफ करणारी एक मावशी आहे, नवऱ्यामागे दोन मुली वाढवते आहे. औषधाच्या प्रयोगाआधी उंदरांना रात्रभर उपाशी ठेवायचं असतं. संध्याकाळी घरी निघताना तिने त्यांच्या पिंजऱ्यात पोळीचे तुकडे टाकले. प्रयोग बिघडला, जनावरं फुकट गेली आणि प्रयोग करणाऱ्या मुलीने लेखी तक्रार दिली. असल्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीवर मी आहे. तिला काढायचं हे बैठक सुरू व्हायच्या आधीच ठरल्यासारखं दिसत होतं. ती दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

कारण तुम्हीही हेच काम करायचात. शिंदखेड्याहून सकाळची गाडी धरून धुळ्याच्या आमच्या कॉलेजात यायचात, डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. मी तिथेच एम.फार्म.ला आले तेव्हा चारचौघांत तुम्ही स्वतःच्या लेकीला मॅडम म्हणायचात, आणि रविवारी घरी त्याच मॅडमला पाणी आणायला पिटाळायचात. उंदीर धरायला तुम्हीच शिकवलंत. शेपटीला धरून लोंबकळवायचा नाही, तळहातावर घ्यायचा, आधी हात चोळून गरम करायचे. मी घाई केली की तुम्ही माझ्या मार्गदर्शक सरांपेक्षा जास्त रागवायचात. सर फक्त वही तपासायचे, तुम्ही माझे हात तपासायचात.

माझा प्रयोग साखरेवरचा होता. एका रानभाजीच्या अर्काने रक्तातली साखर उतरते का, ते बघायचं. त्यासाठी आधी धडधाकट उंदराला साखरेचा आजार करून द्यावा लागतो. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण हे वाक्य अजून माझ्या तोंडातून सरळ निघत नाही. ते इंजेक्शन उपाशीपोटीच नीट लागू होतं. मी चोवीस उंदरांच्या पिंजऱ्यांवर 'खाणे बंद' अशा चिठ्ठ्या लावल्या आणि होस्टेलवर गेले. सकाळी सरांसमोर सगळ्यांना टोचलं. पुढच्या आठ दिवसांत काहींची साखर चढली, काहींची जागची हलली नाही. सरांनी वही मिटली आणि हे सगळे संपवून नवे चोवीस मागवा म्हणाले.

संपवायचं काम माझं. मे महिना आहे, वरचा पंखा गरमच वारा फेकतो आहे. तुम्ही एकेक पिंजरा आणून माझ्यापुढे ठेवता, रिकामा झाला की उचलून नेता, आणि माझ्या तोंडाकडे बघत नाही. शेवटचा पिंजरा धुवायला नेलात तेव्हा मी मागोमाग आले आणि नळापाशीच तुम्हाला धारेवर धरलं. त्यांना खायला कोणी दिलं, विचारलं. तुम्ही आढेवेढे घेतले नाहीत.

"भुक्या जीवले पाठ दखाडीसन घर कसं जावानं?" तुम्ही म्हणालात. ठेचा न लागलेली अर्धी भाकरी कुस्करून घातली होती तुम्ही, तिखट लागू नये म्हणून.

"तुमच्या दयेपायी चोवीस जीव जास्तीचे गेले, आबा," मी म्हणाले. "मी नाही मारले. तुम्ही मारले."

नळ चालूच होता. तुम्ही तो बंद केलात, हात धोतराला पुसलेत आणि म्हणालात, "उपाशी का ठेवतस ते माले कोणी सांगंच नही."

मी पाय आपटत निघून गेले. पुढच्या महिन्यात तुम्ही कॉलेजच्या बागेत बदली मागून घेतलीत. पुन्हा कधी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाहीत. पुढे तुम्हाला साखर निघाली, तेव्हा रोज सकाळी गोळी हातात घेऊन थोडं थांबायचात. आई म्हणायची, गिळा की, शोभेला ठेवायची आहे का? मला कळायचं तुम्ही कोणाचा विचार करताय. ती गोळीही कुठल्यातरी पिंजऱ्यातूनच आली होती, आणि तिने तुम्हाला बरीच वर्षं दिली. म्हणूनच हे सगळं बंद करा असं मी आजही म्हणत नाही. पण जेवढ्यांवाचून अडतं त्यापेक्षा एकही जीव जास्त जायला नको, हे समितीत भांडून सांगते.

आज मी विचारलं, उपाशी का ठेवायचं हे मावशीला कोणी समजावलं होतं का? कोणीच समजावलं नव्हतं. मग मी तुमची गोष्ट सांगितली. माझ्याच प्रयोगात माझ्याच वडिलांनी हेच केलं होतं, म्हणाले. हवा बदलली. मावशीला ठेवून घ्यायचं ठरलं, आणि यापुढे प्रत्येक प्रयोग करणाऱ्याने तिथल्या कामगारांना आधी सगळं नीट समजावून सांगायचं. ती माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरले. अध्यक्षांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि सहज विचारलं, तुम्हाला हे कळलं कधी? मी म्हणाले, नंतर, प्रयोग बिघडल्यावर.

तुम्हालाही मी तसंच भासवलं होतं. त्या सकाळी पिंजरे उघडले तेव्हाच मला भुश्यात भाकरीचा चुरा दिसला होता. अजून एकालाही सुई लागलेली नव्हती. चार दिवसांनी पुन्हा उपाशी ठेवून टोचलं असतं, तर त्याच चोवीसांवर काम भागलं असतं. पण सरांना दुपारी पुण्याला जायचं होतं, ते घड्याळ बघत माझ्या मागे उभे होते, आणि त्यांना थांबा म्हणायची मला लाज वाटली. मी तो चुरा बोटाने भुश्याखाली सारला आणि पहिला उंदीर तळहातावर घेतला. नळापाशी तुम्हाला बोलले तेव्हा हे सगळं मला माहीत होतं, आबा. तुम्ही जाईपर्यंत माहीत होतं, तरी सांगितलं नाही.