समितीचा त्या प्रकाराशी संबंध नाही

४ मार्च
नणंदेनं घात केला. दुसरा शब्द नाही.

सहा वर्षं झाली. दुकानात दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करायचे आणि ते उरकले की वस्तीच्या पाणी समितीचा आपला अर्ज. तीनशे सह्या. डॉक्टरांचे दाखले. पिवळ्या पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. शेवटी पाणीखात्याच्या इंजिनिअरनं भेटीला अकरा तारीख दिली. आणि आज ही बारा बायका घेऊन गेली, खात्याच्या फाटकाला बाहेरून साखळी घातली आणि रस्त्यात फतकल मारून बसली. आतले पाच तास आत. चौक पार तुंबला. पोलिसांनी संध्याकाळी उचललं आणि नावं लिहून सोडलं.

एका समितीत आहोत, एका घरात राहतो आम्ही. मला अवाक्षर बोलली नाही!

५ मार्च
भेट रद्द. कारकून फोनवर म्हणाला, साहेब आता तुमच्या लोकांना भेटणार नाहीत. तुमचे लोक म्हणे.

माझ्याकडे टायपिंग शिकणारी मुलगी आली, डोळे सुजलेले. काल तिची बस चौकात अडकली, परीक्षा हुकली. आता पुढची सहा महिन्यांनी. तिच्याही घरी तेच पिवळं पाणी येतं! नणंदेला तोंडावर सांगितलं. भांडी घासताना तिचे हात क्षणभर थांबले. वाईट झालं, म्हणाली. मग पुन्हा घासायला लागली.

६ मार्च
पन्नासेक जणांनी सह्या मागे घेतल्या. त्यासाठी अर्ज लागतो. तो माझ्याच दुकानात येऊन टाइप करून घेतला.

९ मार्च
नवऱ्याला म्हटलं, बहिणीला समजवा. म्हणाले, तुम्हा दोघींच्या भांडणात मला मध्ये घेऊ नका. कधी होते हे मध्ये?

१२ मार्च
इंजिनिअरनं स्वतः बोलावलं. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. इतकी वर्षं खिडकीपाशी उभी राहून पोचपावती घेत आले मी.

म्हणाले, "बाई, तुम्ही समजूतदार आहात. त्या बायकांपेक्षा तुमच्याशी बोललेलं बरं." नवी पाइपलाइन मंजूर करतो. फक्त एक पत्र हवं – समितीचा त्या प्रकाराशी संबंध नाही, समिती त्याचा निषेध करते. दहा मिनिटांत टाइप करून दिलं. का देऊ नये? शब्दन् शब्द खरा होता.

घरी आले तर नणंद माझ्या लेकीच्या पाठीला मलम लावत होती. या पाण्यानं पोरीची पाठ सोलवटून निघालीय. मी पत्राचं सांगितलं. वाटलं होतं, भांडेल. वर न बघता म्हणाली, "वहिनी, तो चहा कुणामुळे आला?"

मी म्हटलं, मला माणसासारखं बोलता येतं म्हणून.

"मग आधीची सहा वर्षं कशी बोलत होतीस?"

मी तिच्या हातातली मलमाची ट्यूब हिसकावून घेतली. माझी लेक आहे. मी लावेन.

२० मार्च
खोदकाम सुरू. सह्या मागे घेतलेलेच हात जोडून अभिनंदन करून गेले. नणंद पलीकडच्या फुटपाथवर उभी होती. तिच्याशी कुणी बोललं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू – बरं वाटलं.

२८ मार्च
खात्यातला आवक-जावक बघणारा कारकून दुकानात आला होता, भाडेकरार टाइप करून घ्यायला. बोलता बोलता म्हणाला, तुमचे अर्ज साहेबांनी पाच तारखेला मागवले. त्याआधी कपाटातून निघालेच नव्हते.

पाच तारीख. साखळीचा दुसरा दिवस.

म्हणून काय साखळी बरोबर ठरते? त्या मुलीची परीक्षा परत येते?

त्याच्या करारात तीन चुका केल्या. पुन्हा टाइप करावा लागला.

३ एप्रिल
तेराही जणींवर खटला. नणंदेचा वकील आला होता. कोर्टात चार शब्द तिच्या बाजूनं बोलाल का? नाही म्हटलं. समज देऊन सोडतील. फार तर दंड होईल. अद्दल घडू दे थोडी.

ती आतल्या खोलीत होती. सगळं ऐकू जातं तिथे.

१९ जून
सकाळी सात वाजता नळाला स्वच्छ पाणी आलं.

दुपारी निकाल लागला. बाराजणी सुटल्या. हिला, पुढारी म्हणून, चार महिने कैद. हिच्यामागे कुणीच नव्हतं, तिची समितीसुद्धा नव्हती – असं न्यायाधीश म्हणाले, आणि खात्यानं सादर केलेलं माझं पत्र वाचून दाखवलं. सगळं. एकही चूक नव्हती त्यात.