तोंड उघडतं दीड बोट

१२ जाने.
तारांना दीड वर्ष झालं. चाळिशीला टेकलेल्या बाईच्या दातांवर तारा म्हणजे आमच्या चौक गावच्या बाजाराला फुकटची करमणूक. पनवेलचे डॉ. म्हणाले, दात जागेवर आले, आता ऑपरेशन. खालचा जबडा कापून पुढे घ्यायचा. मग महिना-दीड महिना पातळ खाणं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत म्हणे. माझी दीड जातात.

२० जाने.
सासूबाई : "लगीनसराईत धवलारीण तोंड बांधून बसली त लोकांनी काय करायचं गं?" आमच्यात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हटल्याशिवाय हळद लागत नाही. जन्मभर त्यांनी म्हटले, दम गेला तेव्हा मला शिकवले. जबडा मात्र माझा आहे.

२ फेब्रु.
मोहोपाड्याला हळद. तिसऱ्या धवल्याला कानाजवळ कट् झालं, तोंड अडकलं. नवरी पाटावर, बायका हळदीची वाटी धरून माझ्याकडे बघतायत. सासूबाईंनी धापा टाकत पुढचं म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ फेब्रु.
आज जबडा जरा मोकळा होता. सगळे धवले नवऱ्याच्या मोबाईलवर म्हणून ठेवले. पुन्हा अडकलं तर लाज राहील म्हणून. अक्कल माझीच.

१५ फेब्रु.
कशेळ्याला लग्न. स्पीकरवर माझा आवाज. शेजारी मी, हातात तांदूळ घेऊन, मिटल्या तोंडाने. सगळे खूश. एक म्हातारी माझी हनुवटी धरून, "काय गोड गला हाय गं बाय तुजा." नेमकं दुखतं तिथेच धरलं.

२१ फेब्रु.
दवाखान्यातून फोन. १० मार्च चालेल का, दोन दिवसांत कळवा. नवरा : "आता घाई काय हाय? काम त होतंय ना." म्हटलं, मला भाकरी चावत नाही. "चहात बुडव." सासूबाई ऐकत होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला.

२२ फेब्रु.
उद्या चौकलाच हळद. नवरा स्पीकर चार्जिंगला लावून आंघोळीला गेला. मोबाईल ओट्यावर. एकेक करून सगळे धवले पुसले. मग आरशात तोंड उघडून बघितलं. दीडच बोट. उद्या सगळे नवऱ्याकडे बघतील. बघू देत.
दवाखान्याला अजून कळवलेलं नाही.