मफलर धुतल्यापासूनचे पराभव

शनिवार, ९ ऑगस्ट. संध्याकाळी.

सीझनची पहिली मॅच. ०-१. हरलो. म्हणजे ते हरले. माझा फुटबॉलशी काही संबंध नाही. ह्यांनी एप्रिलमध्येच वर्षभराची सीट घेऊन ठेवली होती, आणि मेमध्ये हे गेले. सीट रिकामी दिसली तर बरं दिसणार नाही, म्हणून मी गेले. अकरावी ओळ. डावीकडे सलूनवाले भावजी, उजवीकडे मास्तर. दोघं ह्यांच्या शेजारी बावीस वर्षं बसले. मी आज पहिल्यांदा.

ह्यांचा मफलर गळ्यात घालून गेले. लोकरीचा, निळा-पांढरा. ऑगस्टमध्ये लोकर. मान भाजून निघाली. भावजी मफलरकडे बघून काहीतरी बोलणार होते, मग पाणीच प्यायले.

इथे लिहून ठेवते, कोणी वाचणार नाही. हा मफलर हे मला कधी धुवू द्यायचे नाहीत. धुतला तर टीम हरेल म्हणायचे. जूनमध्ये मी तो धुतला. मी लाँड्रीत एकोणीस वर्षं काम केलेली बाई, माझ्या कपाटात तसलं कापड राहावं हे मला पटेना. गार पाणी, लोकरीचा साबण, दोनदा खळबळून, सावलीत सपाट वाळवला. पाणी चहासारखं निघालं.

काम उत्तम झालं. तरी आज नव्वद मिनिटं तेच डोक्यात.

रविवार, १० ऑगस्ट

विचार केला. मी अंधश्रद्धाळू बाई नाही. वाचणारी बाई आहे. चौथीनंतर शाळा सुटली तरी लायब्ररीची दोन कपाटं मी संपवली आहेत. लोकर धुतल्याने बॉल गोलबाहेर जात नाही.

ठरलं. मैदानावर परत जायचं नाही. विषय संपला.

शनिवार, १६ ऑगस्ट

आज मॅच दुसऱ्या गावात होती. ऐकली नाही. रेडिओ चालू होता, मी इस्त्री करत होते. १-३.

पहिला गोल त्या उंच डिफेंडरमुळे. भावजी त्याला खांब म्हणतात. बरोबर म्हणतात. समोरचा माणूस बाजूने निघून जातो आणि हा उभा. दुसराही खांबामुळे. तिसऱ्याच्या वेळी मी उशीचा अभ्रा जाळला.

सोमवार, १८ ऑगस्ट

लाँड्रीत चादरी घालताना मशीनवालीला सहज विचारलं, धुतलेलं कापड परत न धुतल्यासारखं करता येतं का. ती म्हणाली, बाई, लोक आपल्याकडे उलट कामासाठी येतात.

तरी करून बघायला हरकत नाही. श्रद्धा म्हणून नाही, खात्री म्हणून. मफलर स्वयंपाकघरात फोडणीच्या वर टांगला. ह्यांचं केसांचं तेल अर्धी बाटली उरलं आहे, त्यातले दोन थेंब चोळले. दोन दिवस बाल्कनीत रस्त्याच्या बाजूला ठेवला.

वास येतो. ह्यांचा नाही. फोडणीचा.

शनिवार, २३ ऑगस्ट

गेले. सीट रिकामी राहू नये म्हणून. ०-२.

आपला नऊ नंबर समोर फक्त गोलकीपर असताना घसरून पडला. आमची अख्खी ओळ एका सुरात ओरडली, "प्लास्टर घाला, प्लास्टर!" मग सगळे एकदम गप्प झाले आणि माझ्याकडे बघायला लागले. मास्तर वहीत घाईघाईने काहीतरी लिहायला लागले. मास्तरांची ती वही म्हणजे चाळीस वर्षांचे सगळे निकाल, शाईने.

मला वाटलं, मफलरचा वास आला असेल. सरकून बसले.

मंगळवार, २६ ऑगस्ट

लायब्ररीतून फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक आणलं. दोन बैठकीत संपवलं. ऑफसाइड कळला. भावजींना तो अजून नीट कळलेला नाही, हे आता माझ्या लक्षात येतं. पेनल्टी कळली. प्लास्टरविषयी एक शब्द नाही. पुस्तक जुनं आहे.

माझा फुटबॉलशी संबंध नसल्यामुळे मी ते उद्या परत करणार आहे.

शनिवार, ३० ऑगस्ट

पुस्तक परत केलं नाही. ०-१. चार मॅच, शून्य पॉइंट. टेबलात सगळ्यात खाली. आमच्या खाली फक्त पेपरचा समास.

लेकीचा फोन. तिला विचारलं की एखाद्या वस्तूमुळे टीम हरू शकते का. ती म्हणाली, आई, टीमचा डिफेन्स भंगार आहे म्हणून टीम हरते. मग तिने विचारलं, जेवतेस ना वेळेवर. आजकाल मी काहीही विचारलं तरी ती शेवटी हेच विचारते.

मंगळवार, २ सप्टेंबर

पेपरात कोचचा फोटो. मथळा असा की आणखी दोन पराभव, आणि कोच घरी. फोटोत त्याच्याबरोबर बायको आणि दोन मुली. धाकटीच्या पुढच्या दातांत फट.

जेवण गेलं नाही. एका माणसाची नोकरी जाते आहे, आणि का, हे जगात फक्त मला ठाऊक आहे.

क्लबला पत्र लिहिलं. साधं आणि स्पष्ट. कोचचा दोष नाही, एक खाजगी कारण आहे, ते मी दुरुस्त करते आहे, कृपया महिनाभर थांबावं. खाली सही, सीट नंबर. मफलरचा उल्लेख केला नाही. वेडी समजले असते.

शनिवार, ६ सप्टेंबर

०-४.

मफलर आता होता त्याच्यापेक्षा मळका आहे. ह्यांच्या जुन्या कोटाच्या खिशात आठवडाभर ठेवला होता. तेल, फोडणी, धूळ, सगळं झालं. तरी चार गोल. म्हणजे मफलर नाही. मफलर नसणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत असावं.

जे आहे ते लिहायचं नव्हतं. लिहिते.

मे महिना. हॉस्पिटल. मागच्या सीझनची शेवटची मॅच. डॉक्टरांनी फोन-बीन बंद ठेवायला सांगितलेलं. संध्याकाळी मी खाली चहाला गेले. टपरीवरच्या रेडिओवर कळलं, ०-३. वर आले. ह्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, काय झालं. मी म्हटलं, जिंकलो. दोन-एक. हे म्हणाले, कुणी मारले. मला टीममधला एकच माणूस माहीत होता, नऊ नंबर, कारण हे जेवताना त्याचंच काहीतरी बोलत असायचे आणि मी 'हं' म्हणत असायचे. मी म्हटलं, दोन्ही नऊ नंबरने. ह्यांनी विचारलं, "डाव्या पायाने?" मी म्हटलं, हो, डाव्याच. लांबून. गोलकीपरला दिसलासुद्धा नाही.

हे हसले. खोकला येईपर्यंत हसले. नर्स धावत आली. मला वाटलं, आनंद झाला.

चार दिवसांनी गेले. बत्तीस वर्षांत मी ह्यांच्याशी खोटं बोलले ते एवढंच, आणि ते शेवटचं.

आता क्लब त्याची भरपाई करतो आहे.

रविवार, ७ सप्टेंबर

काल लिहिलेलं वाचलं. मूर्खपणा. खोटं बोलल्याने कोणाचा डिफेन्स बिघडत नाही. हवापालट हवी. लेकीकडे जाऊन यावं.

रात्रीचं जेवण वेळेवर. (लेकीसाठी नोंद.)

शनिवार, १३ सप्टेंबर

लेकीकडे गेले नाही. मैदानावरही गेले नाही. रेडिओ लावला नाही. खिडकी बंद. एक जाड कादंबरी घेऊन बसले. प्रयोग म्हणून. मी नसताना काय होतं ते बघावं.

पाच वाजता खालच्या मजल्यावरून कुणीतरी भिंतीवर काहीतरी आपटलं. मग परत. मग तिसऱ्यांदा.

०-३. तोच स्कोअर. मे महिन्यातला.

कादंबरीची चाळीस पानं वाचली. त्यात कोण कोण आहे ते सांगता येणार नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

कोचला काढलं.

क्लबचं उत्तरही आजच आलं. छापील. तुमच्या सूचनेबद्दल आभारी आहोत, मैदानावर भेटूच. वर घोडा काढलेला शिक्का.

लाँड्रीत दिवसभर टेबलक्लॉथची चुकीची घडी घातली. मशीनवालीने विचारलं, कुणी गेलं का. मी म्हटलं, हो, कोच.

आता गप्प बसणं म्हणजे गुन्हा. शनिवारी मैदानावर भावजी आणि मास्तर दोघांना सगळं सांगायचं. मफलरसकट. दोघं ह्यांचे मित्र होते, त्यांच्यासमोर कबूल केलं की निदान ह्यांच्या जवळपास कुठेतरी कबूल केल्यासारखं होईल. मग ते म्हणतील ते ऐकायचं. सीट सोडा म्हणाले तर सीट सोडायची.

काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. सात मुद्दे.

शनिवार, २० सप्टेंबर. घरी आल्याआल्या.

जसं झालं तसं लिहिते.

मॅचच्या आधी बोलायचं ठरलं होतं. बोलले नाही, भावजी शेंगदाणे सोलत होते. पंधराव्या मिनिटाला बोलणार होते, तर खांबाने स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारला, आणि भावजी जे बोलले त्याच्यानंतर मला बोलवेना. हाफटाइमला कागद काढला. चष्मा घरी. म्हणून न बघताच सांगितलं.

आधी मफलर. जूनमध्ये धुतला म्हटलं. त्यामुळेच तर नसेल ना, म्हटलं.

भावजींनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर मैदानाकडे बघायला लागले. तिथे कोणी नव्हतं, गवताला पाणी घालत होते.

भावजी म्हणाले, "वहिनी, तो मफलर गळ्यात नाही घालायचा. तो त्याच्यावर बसायचा."

घरातून निघताना गळ्यात, इथे आल्यावर चौपदरी घडी आणि खाली. सिमेंटची सीट, आणि ह्यांना मूळव्याध. मूळव्याध मला माहीत होती. मफलर माहीत नव्हता. पहिल्या मॅचला मी तो गळ्यात घालून आले तेव्हाच भावजी सांगणार होते, पण म्हणे माझा चेहरा बघून त्यांचा धीर झाला नाही. नंतर दर मॅचला उशीर होत गेला.

बावीस वर्षं. आणि मी तो दोन महिने नाकाला लावत होते.

तिथेच थांबायला हवं होतं. पण माझे सात मुद्दे होते आणि मफलर त्यातला पहिलाच. म्हणून हॉस्पिटलचंही सांगितलं. ०-३ आणि दोन-एक. दोन्ही गोल नऊ नंबरने. डाव्या पायाने, लांबून. मरणाऱ्या माणसाला फसवलं म्हटलं. 

भावजींनी शेंगदाण्यांची पिशवी खाली ठेवली.

"वहिनी, नऊ नंबरचा डावा पाय तेव्हा मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. तीन आठवडे आधीपासून. आमच्या दोस्ताला ते पक्कं माहीत होतं, दोन रात्री झोपला नव्हता त्याच्यावरून."

मी म्हटलं, मग त्यांनी डाव्या पायाने का विचारलं.

"तुम्ही कुठवर जाताय ते बघायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी आंघोळीला आले होते, तेव्हा भावजी हॉस्पिटलमध्ये गेले होते. ह्यांनी मास्क काढून त्यांना सगळी मॅच सांगितली. माझी मॅच. दम लागत होता तरी दोन्ही गोल सांगितले, दुसरा तर दोनदा. प्लास्टरच्या पायाने मारतो आणि गोलकीपरला दिसत नाही, अशी टीम हवी होती यार, म्हणाले. आणि मला काही बोलू नको म्हणाले, तिने फार मनापासून खेळवली आहे.

तेव्हापासून ओळीत सगळे 'प्लास्टर घाला' ओरडतात. माझ्यासमोर ओरडायचं नाही असं ठरलं आहे, पण नऊ नंबर तशी वेळच आणतो.

 मास्तरांनी वही काढली, मे महिन्याचं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. चष्मा नसल्याने हात लांब करून वाचलं. शाईने ०-३. बाजूला, पेन्सिलने, बारीक अक्षरात: २-१ (वहिनींकडून).

मास्तर म्हणाले, त्याने सांगितलं होतं लिहायला. मी चाळीस वर्षांत वहीत खोटं लिहिलेलं नाही, म्हणून पेन्सिल.

दुसऱ्या हाफमध्ये काय झालं मला माहीत नाही. स्कोअर रेडिओवर ऐकला. १-२.

रविवार, २१ सप्टेंबर

कोणालाही फसवलं नव्हतं. टीमलाही काही केलं नव्हतं. कोच गेला तो त्याच्या कर्माने आणि खांबामुळे.

हलकं वाटायला हवं. सहा आठवडे मला वाटत होतं की ह्यांचं काहीतरी अजून माझ्या हातात आहे आणि मी ते बिघडवते आहे. हातात काहीच नव्हतं.

पुस्तक लायब्ररीत परत केलं. उशिराबद्दल बाई काही बोलल्या नाहीत.

शनिवार, २७ सप्टेंबर

नवा कोच, जुना खांब. ०-२.

मफलर घरूनच घडी करून पिशवीत नेला. सीटवर टाकला आणि बसले. चांगला आहे. बूड गार पडत नाही. हे बावीस वर्षं बोलले नाहीत, पण सोय करून ठेवली होती.

सत्तराव्या मिनिटाला गोलकीपर पुढे येऊन पडला. गोल रिकामा, बॉल नऊ नंबरच्या डाव्या पायाशी, पाय ठणठणीत. त्याने तो थेट स्कोअरबोर्डवर मारला.

ओळ गप्प. भावजी गप्प, मास्तरांची पेन्सिल हवेत. सगळे माझ्याकडे बघत होते.

मग मीच ओरडले.

घसा बसला आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. लेकीचा फोन आला, तिला वाटलं मी रडते आहे. म्हटलं, नाही गं, हरलो.