ऑस्कर्थची मंडई आणि माझी सही

९ ऑक्टोबर

मिळाले! लंडनने अधिकार सोडले. गावांच्या विकासाचं काय करायचं ते यापुढे आमच्या विभागाच्या महापौर ठरवणार, आणि ऑस्कर्थपुरतं त्यांनी आमच्या कौन्सिलवर सोडलंय. टाउन हॉलमध्ये केक कापला. कौन्सिलच्या अध्यक्ष बेरिल एन्टविसल चक्क खुर्चीवर चढल्या — "चाळीस वर्षं लंडनला शिव्या दिल्या, आता आपलं गाव आपल्या हातात!" मी मनापासून टाळ्या वाजवल्या. विकास खात्यात सव्वीस वर्षं झाली मला. गिरण्या गेल्यापासून मागणीपत्रं लिहायची आणि नकार फायलीला लावायचे, एवढंच केलं.

१७ ऑक्टोबर

अट आज कळली. अधिकारांबरोबर आलेला निधी एकाच मोठ्या कामाला. ३१ मार्चच्या आत ठरवलं नाही तर तो शेजारच्या ब्रॅकनहोमला.

क्लाइव्ह ऑर्मरॉड — माझा साहेब — नकाशा पसरून बसला होता. बोट मंडईवर. "ही पाडायची. इथे काचेची इमारत. खाली दवाखाना, वर ऑफिसं."

"आणि गाळेवाले?"

"बघू."

कुठे बोलायचं नाही म्हणून सही घेतली माझी. मंडईत माझ्या भावाचा, डेस्मंडचा, चीजचा गाळा आहे. त्याआधी वडिलांचा होता, त्याआधी आजोबांचा.

१८ ऑक्टोबर

दुपारी नेहमीसारखी डेस्मंडकडे. चीज-कांद्याचं सँडविच, कडक चहा. "काय गं मॅरियन, तोंड का उतरलंय?" म्हटलं, काम फार आहे. खोटं नव्हतं.

२ नोव्हेंबर

क्लाइव्हला लेखी दिलं — सख्खा भाऊ मंडईत आहे, मला या कामातून काढा. त्याने वाचलं, हसला. "अगं, ऑस्कर्थमध्ये कुणाचा कोण मंडईत नाही? बेरिलबाईंची भाची तिथे फुलं विकते! असं बघायला गेलं तर सह्या करायला माणसं बाहेरून आणावी लागतील." कागद फायलीत. मी जिथल्या तिथे.

३० नोव्हेंबर

अहवाल लिहितेय. वरच्या ऑफिसांत कोण येणार, हा साधा प्रश्न. सतरा कंपन्यांना फोन केले. एकही नाही! क्लाइव्ह म्हणाला, "मग 'मागणी अपेक्षित' असं लिही."

लिहिलं.

११ डिसेंबर

ते वाक्य खोडलं.

१२ डिसेंबर

पुन्हा घातलं. खोडून काय होणार? निधी ब्रॅकनहोमला, आणि गावाला आहे तेच. मंडईचं छप्पर गळकं, तरुण मुलं गाव सोडून.

८ जानेवारी

क्लाइव्हला महापौरांच्या कार्यालयात जागा मिळाली. पंधरा तारखेपासून जातोय. त्याच्या जागी तात्पुरती मी. अभिनंदन करायला लोक येताहेत. बरं वाटायला हवं होतं.

२१ जानेवारी

मंडईचा निर्णय कौन्सिलने विकास समितीकडे दिला होता. आज तिची बैठक. सभागृह खच्चून भरलेलं — बातमी फुटलीच होती. गॅलरीत गाळेवाले एका बाजूला, दवाखाना मागणारे दुसऱ्या. मे महिन्यात निवडणूक. अकरा सदस्य, आणि सगळ्यांच्या नजरा खाली!

शेवटी बेरिलबाई उठल्या. "विषय तांत्रिक आहे. अंतिम निर्णय विकास अधिकाऱ्यांनी घ्यावा." अकराच्या अकरा हात वर. एवढं एकमत या सभागृहात मी कधी पाहिलं नव्हतं.

लंडनने विभागावर ढकललं, विभागाने कौन्सिलवर, कौन्सिलने समितीवर, समितीने माझ्यावर. माझ्या खाली कुणी नाही.

२२ जानेवारी

मंडईत गेले. जायलाच हवं होतं. कापडवाली नसरीन वाटेतच आडवी आली. "तुला ऑक्टोबरपासून माहीत होतं. आणि रोज इथे बसून जेवत होतीस?"

डेस्मंड फळी पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसत होता. माझ्याकडे पाहिलं नाही. सँडविच मात्र बांधून दिलं.

६ फेब्रुवारी

पाडायला हो म्हटलं तर भावाला विकलं. नाही म्हटलं तर भावासाठी गाव विकलं. राजीनामा दिला तर क्लाइव्ह तिथून एक फोन करेल आणि दुसरं कुणीतरी तासाभरात सही करेल.

डेस्मंडशी या विषयावर बोलत नाही. मी विचारलं आणि तो "वाचव" म्हणाला तर? निर्णय माझा राहणार नाही. तोही काही म्हणत नाही.

१५ फेब्रुवारी

ब्रॅकनहोमला बसने जाऊन आले. तिथेही तीन वर्षांपूर्वी जुनी मंडई पाडून काचेची इमारत उभी केली. खाली जुगाराचं दुकान. वरचे तीन मजले रिकामे. रखवालदार म्हणाला, "बाई, इथे माझ्याशिवाय कुणी नाही. लिफ्ट बिघडू नये म्हणून मीच दिवसातून दोनदा वर-खाली करतो."

परत येताना बसमध्येच ते वाक्य खोडलं. या वेळी पेनाने.

२४ फेब्रुवारी

सही केली. मंडई पाडायची नाही. आपल्याकडच्या तुटपुंज्या पैशात छप्पर दुरुस्त करायचं, दवाखाना बंद पडलेल्या पोस्टात आणायचा. मोठा निधी जाऊ दिला. कारणं नऊ पानं लिहिली, त्यात एक ओळ भाऊ असल्याची.

२६ फेब्रुवारी

ब्रेडच्या रांगेत एक म्हातारा मोठ्याने म्हणाला — "भावाचा गाळा वाचला, आमचा दवाखाना गेला!" पोस्टाचं सांगायला लागले तर पाठ फिरवली. बेरिलबाईंनी वर्तमानपत्राला सांगितलं, "निर्णय पूर्णपणे अधिकाऱ्यांचा." चौकशी लागणार म्हणतात. नसरीनने बोलावून गरम समोसा हातात ठेवला.

३ मार्च

डेस्मंड गाळा सोडतोय. आमच्या थॅकरे घराण्यातला एकही माणूस आता मंडईत राहणार नाही. गुडघे गेलेत, तीन वर्षं तोट्यात आहे, मुलीकडे कॉर्नवॉलला जायचं गेल्या उन्हाळ्यापासूनच मनात होतं.

"मग बोलला का नाहीस?"

"आजोबांचा गाळा, मॅरियन. माझ्या हातांनी बंद करवेना. वाटलं होतं, तू पाडशील."