पिवळ्या दोऱ्याचं चाक

एन्नोर,
१९ डिसेंबर २००६

प्रिय कल्पना,

'प्रिय' लिहून मी बराच वेळ पेन तसंच धरून बसले होते. दुसरे शब्द सुचत नव्हते असं नाही, पुष्कळ सुचत होते. पण मद्रासला आल्यापासून माझ्याशी पोटभर मराठी बोलणारी तू एकटीच, म्हणून हाच ठेवला. तुझ्या घरी फोन केला की वसंतराव सांगतात, ती आंघोळीला गेलीय. नऊ दिवसांत किती आंघोळी केल्यास गं? पाणी कुठून येतं तुमच्याकडे एवढं? तेव्हा पत्रच लिहिते. पत्र आंघोळीला गेलं तरी परत आल्यावर वाचता येतं.

येत्या शुक्रवारी सायकल संघटनेच्या कचेरीत माझ्या पोरीची, निधीची, चौकशी आहे, हे तुला ठाऊक आहेच. वर्षभराची बंदी घालणार म्हणतात. पुढच्या वर्षी तिला अठरा पूर्ण होतील, म्हणजे ज्युनियर गटातून तिने शर्यत मारायचे दिवस संपलेच. राष्ट्रीय स्पर्धा गेली ते वेगळंच. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तिच्या नावापुढे कायमचं लिहिलं जाणार की हिने लबाडी केली. निधीने! वर्गात कुणी पेन्सिल विसरली तर स्वतःची अर्धी मोडून देणाऱ्या मुलीने. माझा संताप अनावर झालाय, कल्पना. शाळेत हिंदीचे पेपर तपासताना परवा एका मुलाला मी इतके लाल शेरे मारले की शेवटी माझी मलाच लाज वाटली, आणि मी त्याला चार गुण वाढवून दिले.

हा मोसम कसा सुरू झाला होता, आठवतं ना? ऑगस्टमध्ये आपण पहाटे पाचला पोरींना घेऊन समुद्राकाठच्या रस्त्यावर उभ्या. मी इथून, या राखेच्या आणि कंटेनरच्या गावातून, साडेतीनला उठून निघायची. इकडच्या रस्त्यावर सराव केला की निधीचा रुमाल काळा व्हायचा, म्हणून तो सगळा खटाटोप. केळी सोलता सोलता तू म्हणाली होतीस, "विद्या, नवऱ्याला आयुष्यात एवढी केळी सोलून दिली नाहीत बाई!" आणि राणोजी सर त्यांच्या तंजावरी हेलात पोरींना ओरडत होते की वारा काय एकटीच्या वाट्याचा नाही, वाटून घ्या. पण वाटून कोण घेत होतं? चौघींच्या संघात तुझी शर्मिष्ठा शेवटच्या दोनशे मीटरला सगळ्यात जोराची, म्हणून तिला जपायचं. बाकीच्या तिघींनी पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, म्हणजे मागे तिचा दम टिकतो, आणि त्यातला जास्त वाटा निधीचा, कारण ती तक्रार करत नाही. मला सुरुवातीला हे कळतच नव्हतं. मी विचारलं, अगं, तू चाळीस किलोमीटर पुढे होतीस, मग नववी कशी आलीस? ती म्हणाली, "आई, ते तसंच असतं. तू केळं दे."

सप्टेंबरच्या शर्यतीत शर्मीचं मागचं चाक पंक्चर झालं तेव्हा निधीने आपलं काढून दिलं आणि चाकाविना सायकल घेऊन उन्हात चाळीस मिनिटं रस्त्याकडेला बसून राहिली. शर्मी पहिली आली. त्या दिवशी तू निधीला कुशीत घेऊन रडलीस. "ही माझीच पोर आहे," म्हणालीस. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. आज ते आठवलं की डोकं फिरतं.

आता दहा डिसेंबरचा रविवार. मुट्टुकाडूच्या पुलापासून महाबलिपुरमपर्यंत आणि परत. पहिल्या तिघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. नोव्हेंबरातली शर्यत पावसाने बुडाली होती, त्यामुळे उरलीसुरली सगळी आशा या एका सकाळवर. जीपमध्ये राणोजी सरांबरोबर सुटी चाकं सांभाळायची पाळी तुझी होती. मी शेवटच्या रेषेपाशी, शहाळेवाल्याच्या गाडीशेजारी, पिशवी घेऊन उभी. परतीच्या वाटेवर, तेरा किलोमीटर उरले असताना, शर्मीचं चाक पुन्हा गेलं. निधीने पुन्हा आपलं काढून दिलं. पण या वेळी जीप मागेच होती, तिला दुसरं चाक मिळालं आणि ती निघाली. एकटी, समोरून वारा. पुढच्या घोळक्याला तिने एकटीने गाठलं. शर्मी पहिली आली आणि माझी निधी तिसरी.

तिसरी, कल्पना! दोन वर्षांत तिला पहिल्या पाचांत पाहिलं नव्हतं मी. शहाळेवाल्याने पैसे घेतले नाहीत. निधी सायकलवरून उतरली आणि नुसती हसत राहिली. दहा मिनिटं. फार तर बारा. मग त्यांनी पहिल्या तिघींच्या सायकली तपासायला नेल्या.

तो नियम आता मला झोपेतसुद्धा पाठ आहे. ज्युनियर पोरांच्या कोवळ्या गुडघ्यांवर ताण नको म्हणून जड गिअर वापरू देत नाहीत. सगळ्यात जड गिअर टाकायचा, पायडल एक पूर्ण फिरवायचं, आणि सायकल सात मीटर त्र्याण्णव सेंटिमीटरच्या पुढे जाता कामा नये. जमिनीवर पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. शर्मीची सायकल पट्टीच्या आत थांबली. थांबणारच, तिच्या सायकलला चाक निधीचं होतं. निधीची मात्र पट्टी ओलांडून मीटरभराच्याही पुढे गेली. मोठ्या मुलांच्या संघाचं चाक होतं ते, जड गिअरच्या दात्यांसकट. निधी त्या पट्टीकडे अशी बघत राहिली, जणू जमीनच कुणीतरी हलवली असावी. तिने तो जड गिअर सबंध वाटेत एकदाही टाकला नव्हता. पण ते कोण ऐकतो? "रूल ईज रूल, मॅडम," एवढंच उत्तर.

मग तंबूत विचारपूस झाली. चाक दिलं कुणी? मोटारसायकलवरच्या पंचाने सांगितलं, मी लांबून पाहिलं, एक बाई रस्त्याच्या कडेने चाक घेऊन पळत आली, "निधी, पळ, बाळा" असं ओरडत होती, ही तिची आईच. आणि माझ्याकडे बोट दाखवलं! मी म्हटलं, मी इथून हलले नाही, त्या शहाळेवाल्याला विचारा. त्यांनी मला हाताने मागे सारलं. राणोजी सरांना विचारलं, आईच होती का? आणि त्यांनी मान हलवली. हो म्हणून. दोन वर्षं माझ्या हातचा उपमा खाल्लेल्या माणसाने.

तू तंबूच्या खांबाला टेकून उभी होतीस. तुझ्या पिवळ्या ओढणीला काळं ऑइल लागलं होतं. बाहेर आल्यावर, एवढ्या गोंधळात, मी तुला काय म्हटलं आठवतं? "साबणाने नाही जायचं हे, रॉकेल लावून बघ." तू म्हणालीस, "हं." तेवढंच.

मला त्या वेळी कळलं नाही. कळायला पाच दिवस लागले. निधीने तोंड उघडलं नाही, तिच्या वहीत मला एक कागद सापडला म्हणून मी तिला समोर बसवलं, तेव्हा बोलली. जीपचा स्टार्टर बिघडला होता, इंजिन एकदा बंद झालं की ढकलावी लागायची, म्हणून सर उतरले नाहीत. झाडाखाली इंजिन चालू ठेवून ओरडले, "अक्का, सीक्रम, सीक्रम, लवकर!" आणि तू मागून एक चाक उचललंस आणि धावलीस. पोरींच्या चाकांना पिवळा दोरा बांधलेला असतो, ही आपली खूण. तू दोरा पाहिलास आणि घेतलंस. पण ऑक्टोबरात आयुधपूजेला सरांनी सगळ्याच चाकांना हळदकुंकू लावून पिवळे दोरे बांधले, मोठ्या मुलांच्या चाकांनासुद्धा. आणि पूजेचा दोरा सोडायचा कसा, म्हणून कुणी सोडला नाही. मीही नाही. मीही ते दोरे पाहिले होते आणि छान दिसतात म्हटलं होतं. तेव्हा ती चूक तुझी एकटीची नव्हे. माझी पाळी असती तर मीही तेच चाक उचललं असतं आणि तशीच धावले असते. तुझ्यासारखी जोरात नसते धावले, एवढंच. त्या चुकीबद्दल माझ्या मनात तुझ्याविषयी तसूभर राग नाही, हे नीट वाच.

राग आहे तो तंबूतल्या त्या खांबाचा. मी सरांच्या घरी गेले. ते नजर खाली घालून म्हणाले, "अक्का, परवाना नसलेल्या माणसाने जीपमधून चाक दिलं हे बाहेर आलं तर सबंध संघ बाद होतो. माझा परवाना जातो, शर्मीचा पहिला नंबर जातो. आईने रस्त्यावरून दिलं म्हटलं तर एकटी निधी बाद होते. चौघींचं जाण्यापेक्षा एकीचं गेलेलं बरं नाही का?" मी विचारलं, मग ती एक दर वेळी माझीच का? त्यांच्या बायकोने कॉफी आणून ठेवली होती. मी ती घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरून कॉफी न घेता उठले.

पण ते सर आहेत, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. तू कोण आहेस? त्या पंचाने माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा तू माझ्यापासून चार हातांवर होतीस. "मी दिलं," दोन शब्द होते. आणि वर परवा वसंतरावांबरोबर पेढे पाठवलेस! शर्मीची निवड झाली म्हणून! ते बिचारे दारात उभे राहून म्हणाले, "कल्पनाने मुद्दाम घरी केलेत." त्यांना काही ठाऊक नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी डबा कोपऱ्यात ठेवून दिला. निधीने तो उघडून दोन खाल्ले. म्हणाली, "वेलची मस्त पडलीय." मला ते पाहवेना, मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

मी प्रामाणिकपणे विचार केलाय, कल्पना. शर्मी माझी मुलगी असती, तिचा पहिला नंबर हातात असता, आणि तोंड उघडलं तर जाणार असता, तर मी बोलले असते का? मला वाटतं, मीही त्या दिवशी गप्प बसले असते. एक दिवस. कदाचित दोन. नऊ दिवस नाही बसले असते. फोनच्या पलीकडे उभी राहून नवऱ्याला आंघोळीचं सांगायला लावलं नसतं.

आता त्या कागदाचं सांगते, कारण त्याच्यासाठीच हे लिहायला बसले. तो निधीचा माफीनामा आहे. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, दोनदा खाडाखोड करून. त्यात लिहिलंय की चाक माझ्या आईने रस्त्यावरून दिलं, आईला नियम माहीत नव्हता, दोष माझा आहे. शुक्रवारी ती तो वाचणार आहे. मी ओरडले, रडले, एक चापटही मारली. ती म्हणाली, "आई, शर्मी नॅशनलला जिंकू शकते. मी नाही जिंकू शकत. आणि सप्टेंबरपासून कल्पनामावशीला बघतेय मी, शर्मीचं काही हुकलं तर तिला झेपणार नाही." सतरा वर्षांची मुलगी तुझी काळजी करतेय गं. मग तिने मला देवापुढे उभं करून शपथ घ्यायला लावली, की मी संघटनेच्या कुणापुढेही खरं बोलणार नाही. मी घेतली. ती मी मोडणार नाही, कारण तिच्यापाशी माझ्या शब्दाखेरीज या मोसमातलं आता काहीच उरलेलं नाही. पण तुला लिहायचं नाही असं ती म्हणाली नव्हती. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, एग्मोर स्टेशनसमोरच्या गल्लीत, दुसरा मजला. तिला एकटीलाच आत बोलावलंय, मी बाहेरच्या बाकावर असेन. तू काय बोलावंस हे मी सांगणार नाही. शर्मीचं काय होईल हे मलाही माहीत आहे, आणि त्या पोरीवर माझा जीव आहे. तिला विचारून ये, हवं तर तिलाच घेऊन ये. नाही आलीस, तर मी तोंड उघडणार नाही. मग त्या कागदावर लिहिलेली बाई मीच होईन, आणि कुणी विचारलं तर मीही हो म्हणेन. फक्त तेवढ्यासाठी तुला आधी कळवलं, की माझ्या हो म्हणण्याला तू फसू नयेस.

तुझीच, आणि तुझ्यावर याआधी इतकं कधीच न रागावलेली,
विद्युलता