दामूचं इंजिन, माझी साखळी

प्रिय दामू,

हे 'प्रिय' लिहायला मला पाच मिनिटं लागली. चाळीस वर्षांत तुला 'दाम्या' आणि 'गाढवा' याखेरीज काही म्हटलं नाही. पण पत्राला मायना लागतो म्हणतात, म्हणून लिहिलं. हसू नको.

तुझा तेरावा होऊन आठ दिवस झाले. मी लेकीकडे परत आलोय. ती सारखी विचारते, "आबा, जेवत का नाय? काय दुखतंय का?" तिला काय सांगू? अठरा वर्षं मी एक खोटं बोलत आलो, आणि ते तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे मला तेराव्याला तुझ्या बायकोच्या तोंडून कळलं. आता तू ऐकायला नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय.

मला आधी तुझं इंजिन आठवतं. नागोठण्याच्या बाजूला एक भाताची गिरण बंद पडली होती. तिथलं इंजिन भंगारात जाणार होतं, ते तू टेम्पोत घालून गडबला घरी आणलंस. वरून नुसता गंज. पिस्टन तर असा गच्च बसलेला, की हँडलला आपण दोघं लोंबकळलो तरी चाक हलेना. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ह्यो लोखंडाचा म्हसोबा कुठं ठेवनार आता?" तू बाह्या सरसावल्यास. आठ दिवस रॉकेल ओतत राहिलास, वरून लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकत राहिलास. नवव्या दिवशी चाक बोटभर हललं. तू मला बोलवायला सायकलवरून थेट आमच्या वीजमंडळाच्या सेक्शन ऑफिसात आलास, कोपरापर्यंत काळा. साहेबांनी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही, इतका भयंकर दिसत होतास.

ते सगळं कशासाठी, तर पाचशे पिल्लांसाठी. तुझ्या पोल्ट्रीत नवी पिल्लं आली की पहिले पंधरा दिवस त्यांना बल्बची ऊब लागते. वीज गेली की ती एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. आदल्या पावसात तू टोपली भरभरून मेलेली पिल्लं पुरली होतीस. तेव्हा म्हणालास, "गण्या, तू लाइनमन हायस, तरी तुझ्या लाइनीचा भरवसा नाय." खरं होतं, म्हणून मला झोंबलं. मग मीही तुझ्याबरोबर लागलो.

इंजिनावर वीज काढायला जनरेटरचं डोकं पेणच्या एका मंडपवाल्याकडून जुनं मिळालं. पट्ट्याची पुली लेथवर करून घ्यायची होती, तर तू माप काढलंस वहिनींच्या पिठाच्या डब्याचं झाकण कागदावर ठेवून! झाकण बोटभर मोठं निघालं. पहिल्या दिवशी इंजिन धडधडलं, जनरेटर नको तेवढ्या वेगात फिरला आणि एकामागून एक अकरा बल्ब फुटले. वहिनी म्हणाल्या, "आता मेनबत्त्या लावा पिल्लास्नी." त्या दिवशी आपण तिघं इतके हसलो, की माझ्या पोटात कळ आली.

पुली बदलली, आणि जनरेटर चालला की रे! गडबचे लोक बघायला यायचे. कुणी म्हणे मला करून दे, कुणी म्हणे माझ्या पाव्हण्याला. तुझ्या डोक्यात जनरेटर बनवायची शेड टाकायचं घोळू लागलं. "मी इंजिनं काढतो, तू वायरिंग बघ. रिटायर झालास की रोज ये." तसा खूश तुला मी त्याआधी पाहिला नव्हता.

चेंजओव्हर स्विच बसवायचा राहिला होता. जनरेटर लावला की बाहेरची लाइन आपोआप तोडणारा. मीच म्हणालो, "घाई नाय, मेन स्विच पाडलास तरी चालतंय." हे मी म्हणालो होतो, दामू. लाइनमन असून.

आणि मग तो श्रावणातला दिवस. सकाळपासून झड लागलेली. ओढ्यावरच्या साकवाजवळ शेवग्याची फांदी तारेवर पडली नि वीज गेली. मी ट्रान्सफॉर्मरजवळच्या डीपीचे फ्यूज काढले आणि खांबावर चढलो. चढण्याआधी तारांवर अर्थिंगची साखळी टाकायची असते, तिचा गज जमिनीत ठोकायचा असतो. कुठून उलटा करंट आलाच तर तो जमिनीत जावा म्हणून. मी टाकली नाही. पाऊस होता, दहा मिनिटांचं काम होतं, कंटाळा केला. दुसरं कारण नाही.

तिकडे पोल्ट्रीत पिल्लं ओरडत होती. तू धावत जाऊन हँडल मारलंस, आणि मेन पाडायला विसरलास. तुझ्या जनरेटरचा करंट उलटा तारेत आला. मी फेकला गेलो तो भाताच्या खाचरात. चिखल होता म्हणून जगलो, मांडीचं हाड तेवढं मोडलं.

घराचं दार काढून त्यावर मला हायवेपर्यंत नेणारा तूच होतास. पेणच्या दवाखान्यात रोज पेज घेऊन येणारा तूच. एक दिवस माझ्या पायाशी बसून म्हणालास, "माझ्या हातनं झालं रे." मी काय म्हणालो, आठवतं? "जाऊ दे, दाम्या." मोठ्या मनाने माफ केल्यासारखं! तू मान खाली घातलीस, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

साहेबांना मी सांगितलं होतं की साखळी टाकली होती. तसं सांगितलं नसतं तर नोकरी गेली असती, आणि लेक तेव्हा शाळेत होती. साहेबांनी विश्वास ठेवला. मला वाटायचं, भला माणूस.

तेराव्याला पंगत उठल्यावर वहिनी पानं गोळा करता करता म्हणाल्या, "भावजी, तुमच्यापायी त्यांनी जन्मात एकच खोटं केलं. तुमास्नी ठाऊकच असंल म्हना." मी विचारलं, कसलं खोटं? तर म्हणाल्या, खांबाखालची माझी पिशवी तू घरी आणलीस. वरून भिजलेली, पण आत साखळी घडी घातलेली, कोरडी. तू ती बराच वेळ हातात धरून बसलास. मग उठून खाचरात गेलास आणि तिला नि गजाला चिखल फासून आणलंस. साहेब आले तेव्हा पुढे टाकलीस आणि म्हणालास, "साखळी व्हती साहेब. गज चिखलातनं सुटला. चूक माझी, मी मेन पाडला नाय."

वहिनींच्या हातातली पानं मी घेतली, कारण मला कुठे बघावं कळेना.

का रे असं केलंस? एक शिवी घालायचीस. "गण्या, अर्धी चूक तुझी" एवढं तरी म्हणायचंस. अठरा वर्षं आपण दर गणपतीला एका ताटात जेवलो, आणि तू पोटात ठेवलंस. मला राग येतो तुझा. माझा तर त्याहून जास्त येतो.

कारण त्यानंतर तू जनरेटर खोलून ठेवलास. शेडचं नाव पुन्हा काढलं नाहीस. गावात लोक म्हणत, दामूच्या जुगाडापायी माणूस मरत होता, आणि मी त्या लोकांत बसून चहा पीत होतो.

काल मी गडबला जाऊन आलो. तुझ्या नितीनला आणि वहिनींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, साखळीचं, चेंजओव्हरचं, साहेबांना बोललेल्या खोट्याचं. तुझ्या पोराने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, बाबा घराबाहेर पडताना तीन-तीनदा मेन बघायचे. लग्नाला निघालो तरी अर्ध्या वाटेतनं परत जायचे. आमी हसायचो त्यांना. तुमी एकदा बोलला असता, तर ते सुटले असते."

मी उठून तुझ्या इंजिनापाशी गेलो. नितीनही मागोमाग आला.

तुझी माफी मागत नाही, दामू. तू दिली असतीस, हे मला माहीत आहे, आणि तेच सोसत नाही. पण वचन देतो. उद्यापासून मी नितीनबरोबर ते इंजिन पुन्हा उभं करतोय. त्याने हो म्हटलंय. यावेळी चेंजओव्हर आधी, बाकी सगळं नंतर. आणि लोक बघायला येतील, तेव्हा नाक्यावर, दुकानात, जिथे जो भेटेल त्याला मी सांगणार आहे. ज्या साहेबांना खोटं सांगितलं तेही हयात आहेत, त्यांच्याही दारात जाणार आहे. सांगणार आहे, की मी माझ्या आळसाने पडलो, आणि दामूने मला उचललं.

तुझा,
गण्या